बार भरण्याचें माप: ठाणें-कल्याण प्रांताच्या अनुषंगानें

जुन्या शस्त्रांविषयीं लिहितांना तरवारीचें पातें, मुठीवरील नक्षी, बंदुकीच्या नळीची लांबी व तीवर कोरलेलीं अक्षरें यांजकडे आपलें लक्ष सहज जातें. गडांच्या सामानाच्या याद्यांतून बंदुका किती, शिसें किती, दारू किती, याचे आंकडे मिळतात. परंतु ज्या एका गोष्टीवर बंदुकीचा नेम आणि बंदूक धरणाराचा जीव हीं दोन्ही अवलंबून असत, ती गोष्ट, म्हणजे एका बारास दारू किती घालावी याचें माप, या विवेचनांत क्वचितच येते. कोठारांतील एकंदर दारूचें वजन कळलें, तरी एका बाराची दारू त्यावरून निघत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या मापाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विवेचनाचें क्षेत्र ठाणें व कल्याण हा मुलूख धरिला आहे; कारण तोड्याची बंदूक, कागदी काडतूस आणि पितळी काडतूस या तिन्ही अवस्थांचा संबंध या एकाच खाडीच्या परिसराशीं जुळतो.

प्रथम शब्दाविषयीं. आपल्या कागदांत 'दारू' हा शब्द स्फोटक चूर्णासाठीं येतो, आणि मद्यासाठींही येतो. फारसींत त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. चिनी भाषेंतही या चूर्णास 'अग्नीचें औषध' अशाच अर्थाचें नांव आहे. औषधाचा गुण मात्रेंत असतो. मात्रा चुकली कीं तेंच औषध विष होतें. बंदुकीच्या दारूस हें नांव फार यथार्थ आहे, असें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

आतां मात्रा मोजण्याचीं परिमाणें पाहूं. आठ गुंजांचा एक मासा व बारा माशांचा एक तोळा, हें कोष्टक सर्वपरिचित आहे. इंग्रजी राज्यांत इ. स. १८३३ मध्यें तोळा १८० ग्रेनांचा ठरविण्यांत आला. त्या हिशेबानें मासा १५ ग्रेनांचा व गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित् अधिक होते. तत्पूर्वीं तोळ्याचें वजन प्रांतोप्रांतीं थोडें भिन्न असे, हें संशोधकानें विसरूं नये. युरोपांतील ग्रेन म्हणजे मूळचा धान्याचा दाणा. आपली गुंज म्हणजे वेलीवरचें बीज. काडतुसाची दारू आजही जगभर ग्रेनांत तोलली जाते, आणि ७००० ग्रेनांचा एक पौंड होतो. तेव्हां शिकाऱ्याचें माप व सोनाराचें माप हीं दोन्हीं दाण्यांपासूनच निघालेलीं आहेत.

मापाची गरज कां, हें बंदुकीच्या रचनेवरूनच कळतें. ठासणीच्या बंदुकींत नळीच्या तोंडांतून आधीं दारू ओतावयाची, मग चिंधी किंवा बोळा घालून गोळी गजानें ठासावयाची, आणि कानापाशीं रंजक ठेवून तोडा लावावयाचा. दारू कमी पडली तर गोळी अलीकडेच खालीं पडते. अधिक झाली तर धक्का वाढून नेम हालतो, आणि फारच अधिक झाली तर नळी फुटते. गोळी दारूपर्यंत नीट न पोंचतां मध्येंच अडकली, तर माप बरोबर असूनही नळी फुटण्याचा धोका असतो. अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत सांगितलें आहे कीं, पूर्वीच्या बंदुका चतुर्थांशाहून अधिक भरतां येत नसत, आणि अकबराच्या कारखान्यांत नव्या रीतीनें केलेल्या नळ्या तोंडापर्यंत भरून उडविल्या तरी फुटत नसत. या विधानांत दरबारी स्तुतीचा अंश असेल. तथापि नळीचें सामर्थ्य दारूच्या मापानें पारखण्याची रीत सोळाव्या शतकांत रूढ होती, एवढें त्यावरून निश्चित ठरतें.

गोळीचेंही तसेंच. 'बारा बोअर' हा शब्द आपल्याकडील शिकाऱ्यांच्या तोंडीं सर्रास असतो. त्याचा अर्थ असा कीं, एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या असतां त्यांतील एक गोळी ज्या नळींत बसेल ती नळी. आमच्या हिशेबानें अशी एक गोळी सुमारें ५८३ ग्रेनांची, म्हणजे जवळजवळ तीन तोळे तीन मासे वजनाची होते. म्हणजे नळीचा व्याससुद्धां वजनानें सांगण्याची ही पद्धत होय. ज्याच्यापाशीं साचा व ताजवा आहे, त्याला निराळ्या मोजपट्टीची गरज नाहीं.

परंतु दारूचें नुसतें वजन पुरेसें नाहीं. तिचा कसही पाहिला पाहिजे. शुक्रनीतींत नळीच्या अस्त्रासाठीं सोऱ्याचे सहा किंवा चार भाग आणि गंधक व कोळसा यांचा एक एक भाग असें प्रमाण दिलें आहे. कोळसा रुई, निवडुंग इत्यादि झाडांचा सांगितला आहे. या ग्रंथाच्या काळाविषयीं विद्वानांत तीव्र मतभेद आहे. ऑपर्टनें इ. स. १८८० मध्यें त्यावरून प्राचीन भारतांत दारू असल्याचें प्रतिपादिलें. उलट लल्लनजी गोपाल यांनीं हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतला ठरविला. आम्हांस दुसरें मत अधिक सयुक्तिक वाटतें. परंतु ग्रंथ अर्वाचीन मानला, तरी त्यांतील कृति कारागिरांच्या चालू व्यवहारांतून आलेली असणार, आणि आपल्या प्रश्नाला तेवढें पुरे आहे. सहा भागांच्या दारूंत सोरा शेंकडा ७५ पडतो, चार भागांच्या दारूंत शेंकडा ६७ च्या आंत. एकच शिंग, एकच माप. पण पहिली दारू भरली तर एक जोर, दुसरी भरली तर दुसरा. दाणा बारीक कीं जाड, यानेंही जळण्याचा वेग बदलतो. तात्पर्य, एका दारूसाठीं ठरविलेलें माप दुसऱ्या दारूस लावणें हें अज्ञान होय. कित्येक प्रसंगीं तें प्राणघातक ठरतें.

कोंकणांत यांत आणखी एका अडचणीची भर पडते, ती म्हणजे ओल. अशुद्ध सोऱ्यांतील क्षार हवेंतील पाणी ओढून घेतात. चार महिने पाऊस आणि बाराही महिने खाडीची दमट हवा, अशा ठाणें-कल्याणांत वैशाखांतील माप श्रावणांत खरें ठरण्याचा भरंवसा नसे. आज्ञापत्रांत (इ. स. १७१५-१६ च्या सुमारास) गडावरील दारूखान्याविषयीं जे नियम दिले आहेत, त्यांचें मर्म येथें उमगतें. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, तळाला गच करून त्यावर माच घालावा, दारूचीं मडकीं त्या माचावर ठेवावीं, तीं सर्द होऊं देऊं नयेत, आणि हवालदारानें आठां-पंधरा दिवसांनीं तीं बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मुद्रा करून ठेवावीं, असा त्या नियमांचा आशय आहे. हे नियम केवळ आगीच्या भीतीनें केलेले नाहींत. दारूचा कस वर्षभर सारखा राहावा, म्हणजे शिपायाच्या हातांतील माप खोटें ठरूं नये, हाही त्यांचा हेतु असला पाहिजे असें आम्हांस वाटतें.

येथें शिपाई आणि शिकारी यांच्या मार्गांतील फरक ध्यानांत घेतला पाहिजे. इ. स. १७३७ च्या मार्चांत ठाणें पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलें. ता. २८ डिसेंबर १७७४ रोजीं मुंबईकर इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. आदल्या दिवशींचा त्यांचा प्रयत्न किल्लेकऱ्यांनीं मोडून काढला होता. इ. स. १७८० च्या मे महिन्यांत कल्याणही त्यांच्या हातीं गेलें. या काळीं गडकऱ्यांच्या हातीं बहुधा तोड्याची बंदूक असे. कंपनीच्या पलटणींपाशीं चकमकीची बंदूक आणि तोसदानांत कागदी काडतुसें असत. 'काडतूस' हा शब्दही पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला, असें मानतात. कागदाच्या पुंगळींत एका बाराची दारू व गोळी आधींच बांधून ठेविली, कीं ऐन लढाईंत मापण्याचें कारण उरत नाहीं. मात्र शिपाई काडतूस दातांनीं फोडून त्यांतलीच चिमूटभर दारू रंजक म्हणून कानापाशीं घाली. ती चिमूट कधीं मोठी, कधीं लहान. शिवाय गोळी लवकर उतरावी म्हणून ती नळीहून बरीच बारीक ठेवीत. पाऊण इंच व्यासाच्या नळीस सुमारें ०·६९ इंचाची गोळी असे. म्हणून वेग मिळाला, पण नेम गेला. तोड्याच्या बंदुकीची गोळी कंपनीच्या बंदुकीहून लांब जाते, असा अनुभव त्या काळच्या इंग्रज लेखकांनीं नमूद केला आहे. त्याचें कारण लांब नळी, घट्ट बसणारी गोळी आणि त्या एकाच नळीसाठीं मालकानें अनुभवानें ठरविलेलें माप, हें होय. म्हणून आमच्या बंदुका गांवठी होत्या, सबब त्या वाईट होत्या, हा सरधोपट निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. लढाईंत उणीव होती ती वेगाची व एकसूत्रीपणाची. एकेका बाराच्या अचूकपणाची नव्हे.

पुढें मापाची सूत्रें कारखान्याकडे गेलीं. इ. स. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांत अडीच ड्राम, म्हणजे सुमारें ६८ ग्रेन दारू असे. आपल्या मापानें साडेचार माशांहून किंचित् अधिक. गोळी सुमारें ५३० ग्रेनांची, म्हणजे तीन तोळ्यांस थोडी कमी. याच काडतुसाच्या चरबीवरून इ. स. १८५७ मध्यें काय झालें, तें सांगावयास नको. जो बार पूर्वीं शिपाई आपल्या हातानें भरी, तो आतां कोण भरतो आणि त्यांत काय घालतो, हें त्याच्या दृष्टीआड झालें होतें. त्या अविश्वासाचें एक मूळ येथेंही आहे. इ. स. १८६९ मध्यें खडकी येथें काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला, आणि इ. स. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें बंदूक बाळगणें परवान्याच्या अधीन झालें.

इ. स. १८८४ मध्यें फ्रान्सांत व्हियेल यानें धूर न करणारी दारू शोधून काढली, आणि मापाचा प्रश्न अधिकच नाजूक झाला. काळ्या दारूंत एखाद्या माशाची चूक पुष्कळदां खपून जाई. नव्या दारूंत कांहीं ग्रेनांची चूकही घातक होऊं शकते, आणि काळ्या दारूचें माप नव्या दारूस लावणें म्हणजे नळी हातांत फोडून घेणें होय. म्हणून पाश्चात्य देशांत जे शिकारी आपलीं काडतुसें स्वतः भरतात, ते एक नियम कसोशीनें पाळतात. छापील कोष्टकांतील अल्प मात्रेपासून आरंभ करावयाचा, थोडथोडी वाढ करीत प्रत्येक पायरीस कांहीं बार एका लक्ष्यावर काढावयाचे, गोळ्या कोठें एकवटतात तें पाहावयाचें, आणि पितळी पुंगळीवर किंवा टोपीवर अतिदाबाचें चिन्ह दिसतांच मागें फिरावयाचें. पुंगळी, टोपी, दारू किंवा गोळी यांपैकीं एक जरी बदलली, तरी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. सर्वांत जोराचा बार तो सर्वांत अचूक बार नव्हे, हा त्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे. आपल्या रानांतील जुन्या बंदूकवाल्यासही, ताजव्यावांचून केवळ शिंगाच्या मापानें, याच निष्कर्षाप्रत यावें लागलें असणार.

आज आपल्या देशांत ही विद्या शिकारीसाठीं उरलेली नाहीं. साष्टींत विहार तलावापाशीं इ. स. १९२९ मध्यें वाघ मारला गेला. त्याच डोंगरांचा भाग आज राष्ट्रीय उद्यान आहे. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा काळ संपला, आणि इ. स. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून काडतूस तयार करणें हा गुन्हा आहे. पण काडतुसाचा या मुलखाशीं असलेला संबंध तुटला नाहीं. कल्याणच्या शेजारीं अंबरनाथ येथील आयुध कारखान्यांत काडतुसांच्या पुंगळ्यांसाठीं लागणारें पितळ तयार होऊं लागलें, इ. स. २०२१ मध्यें देशांतील आयुध कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले, तेव्हां तो यंत्र इंडिया या कंपनीकडे गेला.

आमची विनंति एवढीच आहे. या प्रांतांतील जुन्या घरांतून दारूचें शिंग, गोळ्यांचा साचा, मापाची नळी असल्या वस्तु अद्याप सांपडण्याजोग्या आहेत. बंदूक दिवाणखान्यांत टांगली जाते, आणि तिचें माप मात्र मोडींत जातें. ज्यांच्या नजरेस अशी वस्तु पडेल, त्यांनीं तींत दारू न घालतां बारीक कोरडी वाळू किंवा पाणी भरून तिचें आकारमान मोजावें. साच्याचा व्यास घ्यावा. ती कोणत्या गांवच्या कोणत्या बंदुकीबरोबर होती, तें लिहून ठेवावें. जुनी बंदूक भरून पाहण्याचा मोह मात्र कोणीं धरूं नये. तिच्या नळीच्या आंतील गंज बाहेरून दिसत नाहीं. अशीं दहा-वीस मापें एकत्र आलीं, तर एका बारास दारू किती, या प्रश्नाचें उत्तर तर्कानें देण्याची पाळी येणार नाहीं. तें तोळ्या-माशांत देतां येईल.