‘धग’ आणि लोकप्रिय माध्यमे : वऱ्हाडातील वाचनाचा एक पैलू

अभिजात कादंबरीकडे विद्यार्थ्याला वळवायचे असेल तर तिच्या चित्रपटाचा आधार घ्यावा, हा उपाय मराठीच्या अध्यापनात बराच रूढ झाला आहे. त्यामागे मोठी परंपराही आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा (1935) आचार्य अत्रे यांनी 1953 मध्ये चित्रपट केला आणि राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ ही कादंबरी जब्बार पटेल यांच्या 1977 च्या चित्रपटामुळे, विशेषतः ना. धों. महानोरांच्या गीतांमुळे, कादंबरी न वाचलेल्यांपर्यंतही पोहोचली. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ला (1960) मात्र असे सर्वपरिचित चित्ररूप लाभले नाही. 2012 मध्ये आलेला शिवाजी लोटन पाटील यांचा ‘धग’ हा चित्रपट केवळ नामसाधर्म्याचा. त्याचे कथानक स्वतंत्र आहे. तरीही अकोला-अमरावतीच्या विद्यार्थ्याचे ‘धग’चे वाचन लोकप्रिय माध्यमांपासून अलिप्त राहिले, असे म्हणता येत नाही.

याचे कारण या प्रदेशाच्या इतिहासात आहे. 1956 पर्यंत वऱ्हाड मध्यप्रांताशी आणि पुढे मध्यप्रदेशाशी जोडलेले होते. नागपूर राजधानी असलेल्या त्या द्विभाषिक राज्यात हिंदी ही परकी भाषा नव्हती. त्यामुळे हिंदी चित्रपट येथील प्रेक्षकाला कधी दूरचा वाटला नाही. मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ 1957 मध्ये प्रदर्शित झाला. ‘धग’ त्यानंतर तीन वर्षांनी आली. दोन्ही कृतींच्या केंद्रस्थानी दारिद्र्याशी झुंजणारी आई आहे. दोन्हींत पतीवर कोसळलेल्या शारीरिक आपत्तीने संसाराचा भार स्त्रीवर येतो : राधेचा पती हात गमावतो, तर कौतिकच्या नवऱ्याला, महादेवला, महारोग जडतो. परंतु येथेच साम्य संपते. राधा अखेरीस गावाची माता ठरते. कालव्याच्या उद्घाटनाचा मान तिला मिळतो. कौतिकच्या कष्टांना असा सार्वजनिक गौरव नाही. शिंपीकाम करणाऱ्या कुटुंबातील ही स्त्री कोणत्याही राष्ट्राचे प्रतीक होत नाही. चित्रपटाने घडविलेली ‘आई’ मनात ठेवून ‘धग’ उघडणाऱ्या वाचकाचा येथे अपेक्षाभंग होतो, आणि तो इष्टच आहे. कौतिकचे कणखरपण नैतिक आदर्शातून आलेले नसून परिस्थितीच्या रेट्यातून आलेले आहे, हे त्या अपेक्षाभंगातूनच स्पष्ट होते.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे व तो अधिक गंभीर आहे. ‘धग’मधील माणसे वऱ्हाडीत बोलतात. ‘मले’, ‘तुले’ ही रूपे किंवा ‘ळ’च्या जागी येणारा ‘य’ ही तेथे व्यथेची भाषा आहे. परंतु दूरचित्रवाणीवर वऱ्हाडीला प्रामुख्याने स्थान मिळाले ते विनोदात. ‘झी मराठी’वर 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मधून भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी महाराष्ट्रभर पोहोचली, बोलीला अशी ओळख मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच बरोबर त्या उच्चारांशी हशा जोडला गेला. प्रमाणभाषेत शिकलेला विद्यार्थी वर्गात कौतिकचा संवाद मोठ्याने वाचू लागतो, तेव्हा हा हशा संहितेच्या आड येण्याचा संभव असतो. ज्या भाषेत त्याची आजी रडली, त्याच भाषेचे त्याला हसू यावे, ही केवळ आस्वादाची अडचण नव्हे. स्वतःच्या घराकडे तो कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे.

माध्यमांतराने हा प्रश्न आपोआप सुटत नाही, हे बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’वरून दिसते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीवर पुढे धीरज मेश्राम यांनी चित्रपट केला, तो हिंदीत. शेतकरी कुटुंबाची कोंडी हिंदीत सांगता येते. परंतु ती कोंडी ज्या बोलण्यातून कादंबरीत साकार होते, ते बोलणे भाषांतरात उरत नाही. कथानक समजून घेण्यापुरता असा चित्रपट उपयोगी पडतो. कादंबरीची जागा मात्र तो घेऊ शकत नाही.

म्हणून लोकप्रिय माध्यम हे अभिजात कृतीकडे नेणारी पायरी आहे, ही कल्पना थोडी बदलून घ्यावी लागते. पायरी ओलांडली की मागे पडते. तुलनेचे तसे नाही. ‘मदर इंडिया’तील राधा आणि ‘धग’मधील कौतिक, विनोदी कार्यक्रमातील वऱ्हाडी आणि शेळक्यांची वऱ्हाडी यांना समोरासमोर ठेवले, तर एकाच जीवनद्रव्यातून दोन भिन्न रूपे कशी व कोणासाठी घडतात, याचा विचार सुरू होतो. विद्यार्थ्याच्या परिचयातील माध्यमाला त्यात कमी लेखण्याचे कारण नाही. मराठी गद्याच्या आरंभाशी निगडित असलेले ऋद्धिपूर ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, तेथील विद्यार्थ्याने आपली बोली हशापलीकडे ऐकावी, एवढी अपेक्षा ‘धग’च्या अध्यापनाकडून निश्चितच करता येईल.