पिवळा दिवा आणि पर्यायी चोक

सोडिअमच्या विरळ वाफेतून वीज वाहू लागली की ती वाफ जवळजवळ एकाच रंगात उजळते. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दोन पिवळ्या रेषांत तिचा बहुतेक सगळा दृश्य प्रकाश सामावलेला असतो. माणसाच्या डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरला सर्वाधिक असते, आणि या रेषा तिथून फारशा दूर नाहीत. म्हणूनच कमी दाबाचा सोडिअम दिवा कित्येक दशके दर वॅटमागे सर्वाधिक प्रकाश देणारा दिवा ठरला. ही काटकसर मात्र दिव्याच्या काचेपुरतीच खरी होती. त्याच्यामागे बसवलेला ट्रान्सफॉर्मर मोठा, जड आणि महाग असे. तो टाळून साध्या, स्वस्त चोकवर हा दिवा चालवण्याच्या खटपटीला यश किती मिळाले, हे मुख्यतः एका आकड्याने ठरवले: पेटलेल्या दिव्याच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजने.

दिव्याची पहिली अडचण काचेची होती. तापलेले सोडिअम साध्या काचेवर हल्ला करून तिला काळी पाडते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वेस्टिंगहाउस कंपनीत असताना सोडिअम दिव्यावर काम केले. युरोपात बर्लिनच्या ओस्रामसाठी मार्सेलो पिरानी यांनी आणि नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत गिल्स होल्स्ट यांच्या गटाने हा प्रश्न पुढे नेला. साध्या काचेच्या नळीला आतून सोडिअमला दाद न देणाऱ्या बोरेट काचेचा पातळ थर देणे, हा उपाय पुढे रूढ झाला. १ जुलै १९३२ रोजी नेदरलँड्सच्या लिंबुर्ग प्रांतातील बेक ते खेलेन हा रस्ता या दिव्यांनी उजळला. त्याच वर्षी लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये पर्ली वे या रस्त्यावरही ते लागले.

दुसरी अडचण उष्णतेची. नळीतील सोडिअम सुमारे २६० अंश सेल्सिअसला असताना वाफेचा दाब हवा तेवढा राहतो. त्याहून थंड नळीत पुरेशी वाफ होत नाही; फार तापली, तर दाट झालेली वाफ स्वतःचाच प्रकाश शोषून घेते. म्हणून नळी ऊबदार ठेवण्यासाठी थर्मासप्रमाणे दुहेरी भिंतीचे, निर्वात काचपात्र तिच्यावर चढवत. सुरुवातीला ते सुटे असे. १९५०च्या दशकात नळी आणि बाहेरचे निर्वात आवरण मिळून एकच दिवा बनू लागला. १९६०च्या दशकाच्या मध्यास आवरणाच्या आतल्या बाजूला आधी टिन ऑक्साइडचा आणि मग इंडिअम ऑक्साइडचा पारदर्शक लेप आला. हा लेप प्रकाश बाहेर जाऊ देतो, पण उष्णतेचे किरण नळीकडे परतवतो. याच पिढीला ‘सॉक्स’ हे नाव पडले. सुरुवातीच्या दिव्यांतून दर वॅटला पन्नास-साठ ल्युमेन मिळत; १८० वॅटच्या सॉक्स दिव्याने हा आकडा १८०च्या आसपास नेला.

वाफेतून वीज वाहू लागली की नळीचा विरोध कमी होत जातो आणि प्रवाह अनावर वाढू पाहतो. त्याला लगाम घालणारे साधन म्हणजे बॅलास्ट. ट्यूबलाइटमुळे घरोघरी त्याला चोक हे नाव रुळले. सोडिअम दिव्यात या साधनाला आणखी एक काम करावे लागते. थंड दिव्यात सोडिअम घट्ट गोठलेले असते, त्यामुळे आरंभी वीज वाहते ती निऑन वायूतून. निऑनमध्ये सुमारे एक टक्का आर्गॉन मिसळला की तो कमी व्होल्टेजवर पेटतो. हा परिणाम फिलिप्सच्याच फ्रान्स पेनिंग यांच्या नावाने ओळखला जातो. तरीही दिवा पेटवायला साधारण ४०० ते ६५० व्होल्ट लागतात. युरोपातील २२० ते २४० व्होल्टचा घरगुती पुरवठा त्याला पुरत नाही.

त्यावरचा जुना उपाय म्हणजे लीकेज ऑटोट्रान्सफॉर्मर. तो पुरवठ्याचे व्होल्टेज वाढवून दिवा पेटवतो; दिवा पेटला की ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय प्रवाहाची मुद्दाम ठेवलेली गळती करंटला आवर घालते. एकाच यंत्रात दोन्ही कामे होत, शिवाय झटके देणारा वेगळा भाग नसल्याने ते वर्षानुवर्षे बिनतक्रार चाले. पण त्यात लोखंड आणि तांबे भरपूर लागे, ते तापून वीज खाई, आणि त्याचा पॉवर फॅक्टर ०.३च्या आसपास असल्याने मोठा कपॅसिटर जोडावा लागे. लहान दिव्यांच्या बाबतीत तर दिव्याने वाचवलेल्या विजेचा बराच भाग हा ट्रान्सफॉर्मरच गिळून टाकी.

इथे दिव्याची लांबी महत्त्वाची ठरते. सॉक्स दिव्याचे वॅट वाढवायचे म्हणजे मुख्यतः नळी लांब करायची, आणि नळी लांबली की तिच्या टोकांमधले व्होल्टेज वाढते. १८ वॅटच्या दिव्यावर सुमारे ५७ व्होल्ट असतात आणि करंट ०.३५ अँपिअर असतो. ३५ वॅटच्या दिव्यावर ७० आणि ५५ वॅटच्या दिव्यावर १०९ व्होल्ट, पण दोघांचा करंट जवळपास सारखाच, ०.६ अँपिअर. ९०, १३५ आणि १८० वॅटच्या दिव्यांचा करंट ०.९ अँपिअरच्या घरात. व्होल्टेज मात्र अनुक्रमे ११२, १६४ आणि २४०. साधा चोक व्होल्टेज वाढवू शकत नाही, तो फक्त अडवतो. प्रत्यावर्ती विजेत दिवा दर अर्ध्या आवर्तनाला विझून पुन्हा पेटतो, म्हणून त्याचे व्होल्टेज पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास असेल तरच तो चोकवर स्थिर राहतो. त्यामुळे ९० वॅटपर्यंतचे दिवे चोकच्या आवाक्यात येतात. १३५ वॅटचा दिवा काठावर आहे, आणि २४० व्होल्टचा १८० वॅटचा दिवा २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर नुसत्या चोकने चालणे शक्यच नाही.

चोकची वाट खुली झाली ती इलेक्ट्रॉनिक इग्नायटरमुळे. दिवा पेटेपर्यंत हे छोटे मंडल त्याला उच्च व्होल्टेजचे झटके देते आणि दिवा पेटला की गप्प बसते. पेटवण्याचे काम इग्नायटरकडे गेल्याने चोकला केवळ करंट आवरायचा उरला. लहान सॉक्स दिव्यांसाठी कारखान्यांनीही चोक आणि इग्नायटरची जोडी बाजारात आणली. मोठ्या दिव्यांसाठी चोक, कपॅसिटर आणि इग्नायटर यांची मिश्र मंडले आली. त्यांत कपॅसिटरच्या साहाय्याने दिव्याला पुरवठ्याहून जास्त व्होल्टेज मिळते.

ट्यूबलाइट, पाऱ्याचे दिवे आणि उच्च दाबाचे सोडिअम दिवे यांचे चोक प्रचंड संख्येने बनत, म्हणून ते स्वस्तात आणि कुठेही मिळत. सॉक्सचे खास सामान त्या मानाने थोडेच निघे. त्यामुळे करंट जुळणारा चोक हुडकणे हा स्वाभाविक पर्याय ठरला. १८ वॅटच्या सॉक्सचा ०.३५ अँपिअर हा करंट २० वॅटच्या ट्यूबच्या चोकशी जवळपास जुळतो. ९० वॅटच्या सॉक्सला ७० वॅटच्या उच्च दाबाच्या सोडिअम दिव्याचा एक अँपिअरचा चोक जवळचा. ३५ आणि ५५ वॅटच्या दिव्यांना ५० वॅटच्या पारा दिव्याचा चोक जुळतो. पारा दिव्याच्या टोकांमध्ये ९५ व्होल्ट आणि त्यातून ०.६१ अँपिअर धरले, तर २३० व्होल्टवर त्याच्या चोकचा अडथळा सुमारे ३४० ओहम येतो. त्याच चोकवर ढोबळ हिशेबाने ३५ वॅटच्या सॉक्सला ०.६४ आणि ५५ वॅटच्या सॉक्सला ०.५९ अँपिअर मिळतात.

करंट जुळला तरी काम संपत नाही. इग्नायटर सॉक्सचाच हवा. उच्च दाबाच्या सोडिअम दिव्याचा इग्नायटर हजारो व्होल्टचे झटके देतो; सॉक्सची बायोनेट टोपी त्यासाठी घडवलेली नाही, त्यामुळे टोपीतच ठिणगी पडण्याचा धोका असतो. करंट कमी पडला तर नळी २६० अंशांपर्यंत तापत नाही आणि दिवा निऑनच्या तांबूस रंगावरच अडकून राहतो. करंट जास्त झाला तर वाफ दाटते, प्रकाश वाढण्याऐवजी कार्यक्षमता घटते आणि इलेक्ट्रोड लवकर झिजतात. शिवाय सॉक्स दिव्याचा प्रकाश वयानुसार फारसा उतरत नाही, पण त्याचे व्होल्टेज आणि वीजखर्च वाढत जातो. म्हणून ५५ किंवा ९० वॅटचा नवा दिवा चोकवर नीट चालला, तरी तोच दिवा जुना झाल्यावर विझू-पेटू लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या जादा व्होल्टेजवर तो आणखी काही काळ टिकला असता. पॉवर फॅक्टरचा प्रश्नही चोकने सुटत नाही. ०.६ अँपिअर आणि २३० व्होल्ट म्हणजे १३८ व्होल्ट-अँपिअर, आणि त्यातून ३५ वॅटचा दिवा व चोक मिळून खरी शक्ती जेमतेम एक तृतीयांश घेतात. कपॅसिटर इथेही लागतोच.

भारतात रस्त्यांवर दिसलेले सोनेरी-पिवळे दिवे बहुतांशी उच्च दाबाच्या सोडिअमचे होते. कमी दाबाचा दिवा विद्यार्थ्यांना भेटतो तो भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत न्यूटनच्या वलयांच्या प्रयोगाला एकरंगी प्रकाश हवा असतो, आणि तो याच दिव्यातून मिळतो. स्विच दाबल्यावर आधी तांबूस आणि कित्येक मिनिटांनी पिवळा होणारा हा दिवा सहसा स्वतंत्र पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरवर चालतो. प्रयोगशाळेला विजेची बचत नव्हे, तर स्थिर प्रकाश हवा असल्याने तिथे स्वस्त चोकची निकड कधी फारशी भासली नाही.

रस्त्यांवरून कमी दाबाचा दिवा हटण्यामागे त्याचा रंग होता, तसेच त्याच्यामागचे हे जड सामानही होते. १९६०च्या दशकाच्या मध्यास जनरल इलेक्ट्रिकने आणलेल्या उच्च दाबाच्या सोडिअम दिव्याची नळी आखूड आणि व्होल्टेज १००च्या आसपास. त्यामुळे तो मोठ्या वॅटमध्येही साध्या चोकवर चालला, आणि त्याच्या प्रकाशात रंग थोडेफार ओळखू येत. कमी दाबाचा दिवा ब्रिटन, नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये टिकून राहिला. कॅलिफोर्नियातील सॅन होजेसारख्या शहरांनी तो वेधशाळांसाठी पत्करला, कारण एकाच रंगाचा प्रकाश खगोलशास्त्रज्ञांना गाळून टाकता येतो. नंतर एलईडीने दोन्ही सोडिअम दिव्यांना मागे सारले आणि २०१९च्या सुमारास फिलिप्सने सॉक्सचे उत्पादन थांबवले. शिल्लक दिवे आता साठ्यातून आणि जुन्या खांबांवरून मिळतात. त्यांना जुळणारे ट्रान्सफॉर्मर तर त्याहून दुर्मीळ, त्यामुळे करंट आणि व्होल्टेज पाहून चोक जुळवण्याची गरज आता पैसे वाचवण्यापेक्षा दिवा चालता ठेवण्यासाठीच अधिक पडते.