डोहाळजेवणाचे बोलावणे

श्रोतेहो, युनियनच्या माणसाने डोहाळजेवणावर बोलावयास उभे राहावे, याचे काहींना हसू आले असेल. येऊ द्या. परंतु आमचे अक्षर वळले ते शाळेत नव्हे, चाळीतल्या डोहाळजेवणाच्या चिठ्ठ्या लिहून. तेव्हा या विषयाचे थोडे देणे आम्ही लागतो.

समारंभ फार जुना. गृह्यसूत्रांत तो सीमंतोन्नयन या नावाने येतो. साळिंदराच्या काट्याने गर्भिणीच्या केसांचा भांग काढावयाचा, उंबराच्या कच्च्या फळांचा घोस बांधावयाचा, असा तो विधी. ‘डोहाळा’ हा शब्दही संस्कृत ‘दोहद’ वरून आला. कालिदासाच्या रघुवंशातली सुदक्षिणा राणी डोहाळ्यात माती खाते. आमच्या चाळीतल्या बायाही चुलीची भाजकी माती चोरून खात. अंगात लोह कमी असले की बहुधा असे होते, असे आजचे डॉक्टर सांगतात; म्हणजे या बाबतीत राणी आणि रीळखात्यातली बाई एकाच पंक्तीला! पुढे पुरोहिताचा विधी मागे पडला आणि बायकांनी तो आपल्या हाती घेतला: हिरवी साडी, हिरवा चुडा, ओटी, फुलांची वाडी, आणि झाकल्या वाटीतून पेढा निघतो की बर्फी याची गंमत. सोलापुरात मराठी घरी हे डोहाळजेवण, पूर्व भागातल्या पद्मशाली घरी सीमंतम्, आणि कन्नड घरी कुबसा. तीन भाषा, पण कौतुक एकच.

बोलावणे मूळचे तोंडी. कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार जावयाचे आणि उंबऱ्यातच सांगावयाचे. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, तेव्हा परगावच्या माहेराला कोपऱ्यास कुंकू लावलेले पत्र धाडणे गरिबालाही परवडू लागले. परंतु शेजारच्या शेजारी चिठ्ठी कशास? आमचा तर्क असा की, हे गिरणीच्या भोंग्याने केले. १८७७ साली सोलापुरात पहिली गिरणी सुरू झाली, मागून लक्ष्मी, विष्णू आल्या. आणि चाळीत कोणत्याही वेळी निम्मी माणसे कामावर व उरलेली झोपेत, अशी स्थिती झाली. करंडा घेऊन गेलेल्या बाईला कुलूप भेटे. मग दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवावी लागे.

आमच्या लहानपणी या चिठ्ठ्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत. वर ‘श्री गजानन प्रसन्न’, खाली दिवस, वेळ, आणि ‘अगत्य येण्याचे करावे’. कडेने हळदीची बोटे. तेलुगू शेजाऱ्यांसाठी त्यांच्याच शाळेतला एक मुलगा बसवीत. त्याला दर चिठ्ठीस एक लिमलेटची गोळी, आम्हांस मात्र घरचा म्हणून काही नाही. पहिली मजुरीची तफावत आम्ही तेथे पाहिली.

सजावट तर सारी हातची. नावेतले डोहाळजेवण, बागेतले, झोपाळ्यावरचे असे प्रकार असत; थाटाचे म्हणजे चांदण्यातले. आमच्या खोलीसमोर ते एकदा झाले. चादरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका शेजाऱ्याने जेकार्डचे बाद पुठ्ठे आणले. चादरीवरची नक्षी ज्या भोकांच्या हुकमाने उठते, ते पुठ्ठे. दोऱ्याने एकाला एक ओवलेली ती माळ गॅलरीत टांगली, मागे दिवा लावला, आणि भोकाभोकांतून चांदण्या फुटल्या. बेगडाची चंद्रकोर पुढे. ते पुठ्ठे टांगण्याची युक्ती रीळखात्यातल्या एका विधवा बाईंची. रात्रपाळी करून आलेल्या, तरी फुलांचा मुकुटही त्यांनीच गुंफला. ओटी भरण्याची वेळ झाली तशा त्या दाराआड जाऊन बसल्या. त्यांच्या नावाची चिठ्ठी आम्हांस कोणी लिहावयास सांगितली नव्हती, आणि आम्हीही विचारले नाही. गोड आठवणी सांगताना हे गाळणे आम्हांस जमत नाही.

या बायांना बाळंतपणात पगार मिळावा म्हणून ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मुंबई विधिमंडळात १९२८ साली अशा विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले, आणि १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. सबंध देशासाठी कायदा यावयास १९६१ साल उजाडले: बारा आठवड्यांची रजा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवड्यांची झाली. आणि १९६६ च्या विडी कामगार कायद्याने हा हक्क घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही दिला. सोलापुरात याचे मोल मोठे, कारण १९९५ साली लक्ष्मी-विष्णू बंद पडली आणि अनेक घरांची चूल विडीच्या सुपावर आली.

पण या कायद्यालाही एक चिठ्ठी लागे. बाईने मालकास लेखी नोटीस द्यावी, असे १९६१ च्या कायद्याच्या सहाव्या कलमात होते. काही वर्षांमागे पूर्व भागातली एक विडी कामगार बाई आमच्याकडे आली. शाखेवरच्या कारकुनाचे म्हणणे, ही गरोदर होती हे आम्हांस ठाऊकच नव्हते. नोटीस दिली होती का? नव्हती. लिहिता येत नव्हते का? येत होते, डोहाळजेवणाच्या साठ चिठ्ठ्या तिने स्वतः लिहिल्या होत्या, तेंदूपानाच्या आकाराचे कागद कात्रीने कापून. मालकाला लिहावयाची एकसष्टावी कोणी सांगितली नव्हती, आणि ते सांगणे आमचे काम होते.

त्या साठांतली एक कारकुनाच्या घरी गेली होती. त्यांच्या पत्नी येऊन ओटी भरून, पेढा खाऊन गेल्या होत्या. नोटीस दिली नाही एवढ्यावरून हक्क जात नाही, असे त्याच कलमात पुढे लिहिले होते. ते आम्ही वाचून दाखविले आणि तेंदूपानाची चिठ्ठी टेबलावर ठेवली. कारकून बराच वेळ चिठ्ठीकडे पाहत राहिले. पैसे मिळावयास तरीही सात महिने लागले. मूल तोवर रांगू लागले होते. त्यानंतर पूर्व भागात कुणाकडे डोहाळजेवण निघाले की आमची एक कार्यकर्ती बाई चिठ्ठ्या कापावयास मदतीला जाते, आणि पिशवीत नोटिशीचा कोरा नमुना नेते.