गावं तीच, रेघा वेगळ्या

मंडळी, "कागल पंचतारांकित" म्हटलं की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हमखास हॉटेल आठवतं. आहे ती एमआयडीसी! पुणे-बंगळूर महामार्गालगतची, कागल आणि हातकणंगले अशा दोन तालुक्यांत पसरलेली. तिथून जाता-येता मला एक साधा प्रश्न पडायचा. हे कारखाने यायच्या आधी, शंभरेक वर्षांपूर्वी, या भागात किती माणसं राहत असतील?

जनगणनेत असणारच की! पण शोधायला बसलं की गंमत सुरू होते.

१९०१ साली कोल्हापूर संस्थानाची लोकसंख्या ९,१०,०११ होती. २०११ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याची ३८,७६,००१. म्हणजे सव्वाचार पट? जरा थांबा. १९०१ च्या आकड्यात रायबाग आहे. संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं आणि रायबाग बेळगाव जिल्ह्यात गेलं. चंदगड तेव्हा बेळगावकडे होतं, ते १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत कोल्हापूरला आलं. कुरुंदवाड तर वेगळंच संस्थान. थोडक्यात, हे दोन आकडे दोन वेगळ्या मुलखांचे आहेत. नाव तेवढं एक.

तालुक्यांचंही तेच. १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटिअरात हातकणंगले तालुका शोधू नका, तिथं 'आळते' पेटा आहे. कागल तर घाटग्यांची जहागीर. शाहू महाराज १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक आले ते याच घराण्यातून. त्यामुळे कागलचा हिशेब खालशाच्या पेट्यांत नाही, जहागिरींच्या पानांवर पाहावा लागतो.

आता जनगणना खात्याचे जुने अहवाल स्कॅन होऊन घरबसल्या मिळतात. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावनिहाय आकडेही आहेत. मोठीच सोय झाली. पण स्कॅन म्हणजे शेवटी फोटो. बेरीज-वजाबाकी करायची तर तक्ता पुन्हा टाइप करायला हवा. त्यात एकाच गावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन पुस्तिकांत दोन तऱ्हांचं. गावाचा क्रमांक २००१ मध्ये आठ आकडी, २०११ मध्ये सहा आकडी. जुनं गाव नव्याशी जुळवणार कोण?

ब्रिटनमध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाने 'व्हिजन ऑफ ब्रिटन' या संकेतस्थळावर जुने आकडे आणि बदलत्या सीमांचे नकाशे एकत्र आणले आहेत. आपल्याकडे 'श्रग' नावाच्या संग्रहात १९९१, २००१ आणि २०११ ची गावं एकमेकांना जोडलेली आहेत, आणि अभ्यासकांना तो फुकट मिळतो. पण ही साखळी १९९१ ला थांबते. तिच्या मागची कडी आपणच जोडायची.

आणि हे फक्त जुन्या काळाचं दुखणं नाही बरं का. जनगणना माणूस मोजते ती तो राहतो तिथं, राबतो तिथं नाही. पंचतारांकितमध्ये पाळीला येणारा कामगार मोजला जातो हुपरीत, कसबा सांगावात, नाहीतर सीमेपलीकडच्या निपाणीत. उद्या शंभर वर्षांनी कुणी नुसते लोकसंख्येचे तक्ते पाहिले, तर त्याला इथं माळच दिसेल! कारखान्यांची नोंद आर्थिक गणनेत असते. ते आकडे, हे आकडे आणि वसाहतीची हद्द एकाच नकाशावर आली तरच खरं चित्र उभं राहील.

पुढची जनगणना २०२७ ची. तिच्यासाठी गावा-तालुक्यांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवायच्या असं ठरलं. या गोठवलेल्या रेघाही आकड्यांबरोबर सगळ्यांना उतरवून घेता याव्यात, एवढीच अपेक्षा. नाहीतर आपली पणतवंडं पुन्हा हेच कोडं सोडवत बसतील.

तोवर मी रविवारी एक तक्ता भरतो आहे. गाव, जुनं नाव, जुना पेटा किंवा जहागीर, दोन्ही क्रमांक. कागल-हातकणंगल्याकडच्या नातेवाइकांनो, घरात जुना सातबारा, खरेदीखत असेल तर गावाचं नाव त्यात कसं लिहिलंय तेवढं कळवा. बाकी काही नको. जमिनीचे वाद तुमचे तुम्ही बघा!