छायाचित्रणातील अनुकरण : ॲन्सेल ॲडम्स यांची पद्धती आणि चामटोलीचा निसर्ग

गुरूच्या कृतीची नक्कल करीतच शिष्याचा हात तयार होतो, हा चित्र व संगीत या कलांतील जुना संकेत होय. छायाचित्रणास तो कितपत लागू पडतो, हा प्रश्न विचारार्ह आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग सुरू झाला; हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गाचे विद्यार्थी. म्हणजे ही विद्या आपल्याकडे प्रारंभापासूनच वर्गात शिकविण्याजोगी मानली गेली. परंतु शिकविले जाते ते तंत्र की दृष्टी, याचा उलगडा एवढ्याने होत नाही. त्यासाठी ॲन्सेल ॲडम्स (१९०२-१९८४) यांचे उदाहरण उद्‌बोधक ठरते.

१० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतील हाफ डोम या कड्याचे चित्र घेताना ॲडम्स यांनी प्रथम पिवळा फिल्टर वापरला. मनात उमटलेले कड्याचे गांभीर्य त्यात उतरणार नाही, हे ध्यानी येताच उरलेल्या काचेवर त्यांनी गडद लाल फिल्टरने पुन्हा चित्र घेतले. आकाश काळवंडले आणि कडा उजळून निघाला. पुढे १९३० साली टाओस येथे पॉल स्ट्रँड यांच्या निगेटिव्ह पाहून त्यांची वाट निश्चित झाली, आणि १९३२ साली 'एफ-६४' या गटाबरोबर त्यांनी रेखीव, सुस्पष्ट छायाचित्रणाचा पुरस्कार केला. ज्यांचे अनुकरण पुढे असंख्यांनी केले, त्यांची दृष्टीही दुसऱ्याच्या कृतीवरच पोसली होती.

हर्टर व ड्रिफील्ड यांनी १८९० साली प्रकाश व निगेटिव्हची घनता यांचा संबंध गणिताने मांडला होता. १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी त्यालाच विद्यार्थ्यांसाठी 'झोन सिस्टिम'चे रूप दिले. शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे अकरा भाग. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट. छायेतील तपशील तिसऱ्या भागात बसवावा आणि उजेडाचा भाग निगेटिव्ह धुण्याच्या कालावधीने आवरावा, हे तिचे सार.

आता हीच पद्धती घेऊन बदलापूर-कर्जत मार्गावरील चामटोलीत विद्यार्थी उभा राहिला, तर काय घडेल? योसेमिटीचा ग्रॅनाइट फिकट, चंदेरी-माथेरानच्या रांगेचा बेसॉल्ट काळा. तेथील हवा कोरडी व आकाश निळे. येथे आषाढ-श्रावणात आकाश ढगांनी भरलेले. लाल फिल्टर निळा रंग दाबतो. जेथे निळे नाहीच, तेथे तो आकाशाला गांभीर्य देऊ शकत नाही. उलट हिरवी भातखाचरे मात्र काळवंडतात. म्हणजे फळ उसने घेणारा फसतो. पद्धती समजलेला विद्यार्थी मात्र प्रकाश मोजतो, येथील उजेड-छायेतील अंतर अल्प असल्याचे ओळखतो आणि निगेटिव्ह अधिक काळ धुऊन ते अंतर वाढवितो. अथवा धुक्याचा मृदुपणा हेच या प्रदेशाचे सत्य मानून ते तसेच राखतो.

दुसरा निर्णय घेताना ॲडम्स यांच्यासारखे चित्र हातून निसटते. तरीही तोच विद्यार्थी त्यांच्या शिकवणीशी अधिक प्रामाणिक ठरतो. कारण १९२७ च्या त्या चित्रात महत्त्व काळ्या आकाशाचे नव्हते. काच उघडण्यापूर्वी चित्र मनात पाहण्याचे होते. अनुकरणाचे प्रयोजन तेवढेच, आणि मर्यादाही तीच.