चुकलेली नजर म्हणजे अल्झायमर नव्हे

डोळ्यांच्या हालचालींवरून अल्झायमर ओळखता येईल, तोही विसराळूपणा दिसण्याच्या कितीतरी आधी, असं हल्ली ठासून लिहिलं जातं. पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. १९७८ साली पीटर हॅलेट यांनी मांडलेली ‘अँटीसॅकेड’ चाचणी त्याच्या मुळाशी आहे. पडद्याच्या मधोमध ठिपका असतो. एकाएकी डावीकडे प्रकाश चमकतो आणि सूचना असते ती नेमकं उजवीकडे बघण्याची. चमकेकडे धावणारी नजर आवरायची हे मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. अल्झायमरचे रुग्ण इथे जास्त चुकतात, हे खरंच आहे.

पण म्हणून जो चुकला त्याला अल्झायमर? धुरावरून अग्नीचं अनुमान चालतं, अग्नीवरून धुराचं नाही. इथे व्याप्तीच, म्हणजे ‘जिथे हे तिथे ते’ हा नियमच, उलटी लावली आहे. ठणठणीत तरुणही या चाचणीत चुकतात. वय वाढलं की चुका वाढतात. स्किझोफ्रेनियात त्या होतात, एडीएचडीतही होतात. झोपेच्या गोळ्यांनी नजरेच्या उड्या मंदावतात. आणि सूचनाच नीट समजली नसेल तर?

माझ्या मते पाहायचं ते चुकीनंतर काय होतं ते. निरोगी माणसाची नजर चुकीच्या बाजूला गेली तरी क्षणार्धात आपणहून वळते. पुष्कळदा त्याला आपण चुकलो हेही कळत नाही. अल्झायमरमध्ये ही दुरुस्ती बरेचदा होतच नाही. ही खूण अधिक मोलाची, तरीही ती गटांच्या सरासरीतली. समोर बसलेल्या एका आजोबांबद्दल ती एकटी निर्णय देऊ शकत नाही.

डोळे खरोखर निदानाची दिशा दाखवतात ते दुसऱ्याच आजारात. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेवस्की यांनी १९६४ साली प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सीचं वर्णन केलं. त्यात मेंदूच्या देठातली, नजर वर-खाली नेणारी यंत्रणाच बिघडते. आधी उभ्या उड्या संथ होतात, मग नजर खाली जाईनाशी होते, जिन्यावर पाय चुकतो. डॉक्टरांना ते नुसतं बोट हलवूनही दिसतं. अल्झायमरमध्ये ही यंत्रणा बरीचशी शाबूत असते. ढळतं ते लक्ष, आणि लक्ष ढळायला कारणं अनेक.

नजर टिपणारं यंत्र टाकून द्या, असं मी म्हणत नाही. त्याच माणसाची तीच चाचणी दरवर्षी घ्यावी, सोबत औषधं, झोप, दृष्टी यांची नोंद ठेवावी. तेव्हा बदलाला अर्थ येईल. मात्र एका बैठकीच्या आलेखावरून कुणाच्या आईला अल्झायमरचा शिक्का मारला, तर बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड किंवा नैराश्य ही उपचार होण्याजोगी कारणं तपासायचीच राहून जातील.