कीर्तिकर-बसूंचा ग्रंथ

पीएच.डी.च्या दिवसांत इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाट चुकून वनस्पतिशास्त्राच्या कपाटांपाशी गेलो आणि एका जाडजूड खंडावर 'कीर्तिकर' हे नाव दिसले. परदेशात असे नाव दिसले की पाय थबकतातच.

'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' हा औषधी वनस्पतींचा संदर्भग्रंथ. ले. कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे मुंबईचे, लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. मेजर बामनदास बसूंसोबत त्यांनी तो सिद्ध केला. अलाहाबादेत १९१८ साली तो छापून निघाला, पण कीर्तिकर १९१७ सालीच निवर्तले होते.

मला मात्र दुसरी आवृत्ती अधिक मोलाची वाटते. १९३०च्या दशकात फादर ब्लॅटर, फादर कायस आणि डॉ. म्हसकर यांनी ती बरीचशी नव्याने लिहिली. कायस आणि म्हसकर यांनी सर्पदंशावरच्या तीनशेहून अधिक वनस्पती प्रयोगाने तपासून १९३१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. एकही उपयोगी ठरली नाही. त्यामुळे या आवृत्तीत पानोपानी आधी 'सर्पदंशावर देतात' अशी नोंद येते आणि शेवटी 'विषावर उतारा नाही' असा शेरा. आमच्या संगणकाच्या धंद्यात फसलेल्या चाचण्या इतक्या निष्ठेने कोणी लिहून ठेवत नाही!

माझ्या लहानपणी आमच्या गावात साप चावलेल्या एका गड्याला मूळ उगाळून पाजले. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि तो गेला. तेव्हा तो शेरा छापून पन्नास वर्षे झाली होती, पण इंग्रजीत.